भाताचा हिरवा

नव्या इलेक्ट्रिक एसयूव्हीचा हिरवा रंग अखिलानं केला होता. तिरुवैयारूच्या आपल्या शेतातली भाताची रोपं कुंडीत लावून ती चेन्नईला कंपनीत घेऊन गेली आणि दोन वर्षं त्यांच्याशी रंग जुळवत बसली. शेवटी साहेब म्हणाले, "इथले लोक पांढरीच घेतात. हिरवी फक्त एक्स्पोर्टला. इथं कुणी बुक केली, तर बघू."

म्हणून ती वडिलांना, अप्पांना, तंजावूरच्या शोरूममध्ये घेऊन आली. अप्पा नमुन्यादाखल ठेवलेल्या हिरव्या गाडीभोवती दोनदा फिरले, दारावरून हात फिरवला आणि पांढऱ्या गाडीच्या फॉर्मवर सही केली.

अखिला खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.

"कुठं चुकला, अप्पा, रंग?"

"चुकला कुठं? हुबेहूब उतरलाय. म्हणूनच नको."

"म्हणजे?"

"आपल्या कालव्याकाठच्या रस्त्याला दोन्हीकडे भातच. समोरून येणाऱ्या बसवाल्याला ही गाडी दिसायची कशी?" अप्पांनी पेनाला टोपण लावलं. "भात पिकत नाही, अशा देशात पाठव हिला."