कोंड्याने घासलेली फळी

भामा सुईण अंगणाच्या कडेशीच थांबली. आत ठमाबाईची सून हौसा कळांनी पिळवटत होती, पण भामाने पायरीला पाय लावला नाही.

"ठमाबाय, तुज्या लेकाला आदी शपत घेऊ दे," ती म्हणाली. "त्या खोपटाला पुना हात लावनार नाय म्हून. मंगच मी पोरीला शिवेन."

खोपट परसात होतं. पनवेलच्या खाडीलगतच्या त्या आगरी वस्तीत सगळी माणसं झाड्याला खाजणाच्या चिखलात जात. ठमाबाईचा लेक आनंदा महायुद्ध संपल्यावर मराठा पलटणीबरोबर जपानला गेला होता. तो परत आला आणि प्रवासाची धूळही नीट उतरली नसेल, तोच त्याने घरामागे संडास बांधला. सागाच्या फळ्या, वर झावळ्या, आणि दाराशी फक्त आत घालायच्या वेगळ्या खडावा. वस्ती हसली. पलटणीने बंदूक काढून घेतली अन् हाती खराटा दिला, असं मिठागरावर लोक बोलले.

मग कळलं की तो रोज सकाळी गुडघे टेकून स्वतःच्या हाताने ते घासतो. भाताचा कोंडा फडक्यात बांधायचा आणि देव्हाऱ्याचा पाट उजळावा तशी फळी उजळायची. कोपऱ्यात बांबूचं नळकांडं, त्यात अबोलीचं फूल. तेव्हा हसू थांबलं. विहिरीवर हौसाची घागर शेवटी लागू लागली, हळदीकुंकवाचं बोलावणं तिच्या दारावरून पुढे जाऊ लागलं. मेहतराचं काम करणाऱ्याला ठमाबाईने, म्हणजे त्याच्या सख्ख्या आईने, ताट वेगळं काढलं. तो त्याच ताटात निमूट जेवला.

हौसाची आधीची दोन्ही लेकरं दुधाला लागायच्या आत गेली होती. पुन्हा दिवस राहिले, तेव्हा तिने एकदा भीत भीत नवऱ्याला विचारलं, हे कशापायी करता. तो खाडीकडे बघत तुटक तुटक बोलला. त्या मुलखात म्हणे संडासातही एक देवी राहते. बाकीच्या देवांनी चांगल्या चांगल्या खोल्या धरल्या, हिच्या वाट्याला ही जागा आली आणि हिने ती हसत घेतली. पोटुशी बाई ती जागा आपल्या हाताने घासते, फूल ठेवते. मग देवी तिचं मूल सुखरूप बाहेर काढते, रूपही देते. छावणीमागच्या गल्लीत त्याने तशी एक पोटुशी बाई पाहिली होती. पोट गुडघ्यांना टेकलेलं, अन् घासतेय.

"आन बाईला जमत नसंल तं?" हौसाने विचारलं.

"तं ज्याचं पोर त्यानं घासावं," तो म्हणाला.

हौसाला भरून आलं. आपल्याला दिवस जायच्याही आधी याने सुरुवात केली होती. एवढी आस कुठल्या बापाला असते? त्या दिवसापासून ती जात्यावर बसली की ओठांवर तेच येई:

माझ्या कुकवाच्या धन्याला, नाही कशाचा विटाळ
माझ्या पोटच्या फुलासाठी, हाती घेतला गं मळ

वस्तीने टोमणे मारले की तीच उलटून बोलायची. सासूशीही भांडली. आणि आज सुईण अंगणात उभी होती आणि पोर खाली सरकत नव्हतं.

ठमाबाई लेकाच्या पायाशी बसली. "घे रं शपत, पोरा. हिचा जीव जाईल."

दाराच्या फटीतून हौसाला त्याची पाठ दिसत होती. तो चौकटीला धरून उभा होता. त्याने मान एकदा आतल्या दाराकडे वळवली, एकदा परसातल्या खोपटाकडे. एका बाजूला मी, एका बाजूला माझं पोर, कसा बोलेल बिचारा, असं हौसाला वाटलं. तिने दातातला पदर सोडला.

"त्यांना शपत घालू नका, आत्याबाय," ती आतून म्हणाली. "त्यांचा हात सुटला तं माजं पोर हातचं जाईल. जाऊ दे तिला."

भामा गेली.

पुढचं ठमाबाईने एकटीने केलं, रडत, देवाला शिव्या देत. भरती येऊन ओसरली. दिवेलागणीला पोर आलं ते निळंच. ठमाबाईने उलटं धरून पाठीवर थोपटलं, तोंडात फुंकर घातली, तेव्हा कुठे ते रडलं. मुलगी होती. हौसाचं मात्र रक्त थांबेना. तापात तिला खाडी छपराला लागलेली दिसायची.

पाचवीच्या दिवशी ती पहिल्यांदा भिंतीला टेकून बसली. पोरगी चुटुचुटु पीत होती. मागच्या दारातून आनंदा निघालेला दिसला. एका हातात कोंड्याचं फडकं, दुसऱ्या हातात फूल.

हौसा क्षीण हसली. "अवो, आता कशाला? देवीनं दिलं की आपलं पोर. बसा जरा तिच्यापाशी."

तो आला. वाकून त्याने मुलीच्या टाळूला दोन बोटं लावली, ती जागच्या जागी धडधडते आहे ना हे पाहिलं. त्याचे डोळे भरले. मग त्याने फडकं पुन्हा उचललं.

"ही जगली ते डोळ्यांनी बघितलं, हौसे," तो म्हणाला. "तिकडं जपानातलं माजं पोर जगलं का नाय, ते मला कोन सांगनार?"