धुळीचा अहवाल

रोज केर काढायचा, त्यातला कणन् कण ओळखायचा आणि संध्याकाळी डॉक्टरांना अहवाल पाठवायचा, हे आता कणकवलीतल्या प्रत्येक व्हॅक्यूम क्लीनरचं काम होतं. केळुसकरांच्या घरचा अहवाल कित्येक महिने निर्मळ येत होता. गोड नाही, खारट नाही. तरी काकांची साखर आणि काकूंचं ब्लडप्रेशर काही खाली येईना. शेवटी डॉक्टरांनी कंपनीला कळवलं आणि तिथली तंत्रज्ञ मुलगी, प्रणाली, मशीन तपासायला आली.

तिने मोबाइलवर त्याची मेमरी उघडली.

"काका, तुमच्या खुर्चीखाली गुळाचं खाजं."

"बघा!" काकू कडाडल्या. "आणि मला म्हणे, गोडाची चवसुद्धा विसरलो!"

"काकू, तुमच्या पलंगाखाली खारी शेव."

काका हसू दाबत पंख्याकडे पाहू लागले.

"याला सगळं नीट ओळखता येतं," प्रणाली म्हणाली, "पण हा चक्क खोटं बोलतो. कुणी शिकवलं?"

"मी एकदाच म्हटलं होतं, सांभाळून घे," काका पुटपुटले.

"मीसुद्धा," काकू म्हणाल्या.

"मग हा भंगारात. नवा आणते, तो कुणाचं ऐकत नाही."

काकू उठल्या आणि काकांनी लपवलेला खाज्याचा डबा न शोधता घेऊन आल्या.

"उन्हातून आलीस, आधी खा."

"काकू, माझं डाएट आहे," म्हणत प्रणालीने अर्धा डबा संपवला. चुरा फरशीवर सांडला.

जुना क्लीनर घरघरत आला, चुरा गिळला आणि मोठ्याने म्हणाला, "पाहुणीने काहीही खाल्लेलं नाही."