न हललेला पेला

अबू बदरांच्या बैठकीत कॉफी वाढायला बहिराच माणूस लागे. धंद्यातलं बोलणं बाहेर फुटायला नको, म्हणून मला ठेवलेलं. माझ्याशी बोलून उपयोग नाही, म्हणून पुरे झालं की पाहुणे पेला हलवत. तोवर मी ओतत राहायचं.

यंदा कुवेतच्या बंदराच्या कंत्राटासाठी आम्ही भरणार तो आकडा प्रतिस्पर्धी पेढीला आधीच कळला. अबू बदरांनी संशयावरून थोरल्या मुलालाच, बदरला, घराबाहेर काढलं.

दुपारी बैठकीत ते एकटेच होते. मी पेला भरला.

"बदर शपथा घेत होता रे, 'बाबा, मी नाही.' मी ऐकूनच घेतलं नाही," ते म्हणाले. "तुला ऐकू येत नाही तेच बरं. दुसऱ्या कुणापुढं रडलो असतो?"

त्यांनी पेला हलवलाच नाही. मी ओतत राहिलो. त्यांचा हुंदका मला त्या आकड्याइतकाच स्पष्ट ऐकू आला.