कोठारासमोरची खिडकी

फाटकातून बाहेर पडलेली नकुलची गाडी रोजच्यासारखी उजवीकडे वळली नाही. डावीकडे वळली. चहाचा कप हातात धरून खिडकीत बसलेल्या उल्काताईंच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं.

त्यांची जागाच तशी होती. अमेरिकेतल्या हर्नडनपासून अर्ध्या तासावरचा हा जुना फार्म. दीडशे वर्षांपूर्वी कुणा हौशी श्रीमंताने विलायती नमुन्यावर बांधलेला, आदर्श शेती कशी असते ते चार लोकांना दाखवायला. मधोमध फरसबंद चौक आणि चहूबाजूंनी लाल विटांच्या इमारती. गोठा, तबेला, उत्तरेच्या गारव्याला दूधघर, आणि बरोबर समोर, उंदीर चढू नयेत म्हणून छत्रीसारख्या दगडी खांबांवर उचललेलं धान्याचं कोठार. आता गोठ्यात नि तबेल्यात माणसं भाड्याने राहत. उल्काताईंचा मुलगा नकुल आणि सून रीमा यांना मुकादमाचं घर मिळालं होतं. त्याची पुढे काढलेली तीन तावदानांची खिडकी अशी बसवली होती की चौकातलं प्रत्येक दार तिथून दिसावं. कोण कामावर आलं, कोण कामचुकारपणा करतंय, सगळं बसल्या जागी.

उल्काताईंनी नागपूरला बांधकाम खात्यात बत्तीस वर्षं नकाशे काढले होते. मुलाकडे राहायला आल्या त्याच दिवशी खिडकी बघून म्हणाल्या होत्या, "बांधणारा मोठा बेरकी होता."

पाच मिनिटांनी तबेल्यामागच्या कच्च्या वाटेने नकुल पायी आला. पाठीला लॅपटॉपची बॅग. इकडेतिकडे बघत कोठाराच्या पायऱ्या चढला आणि आत गेला. दार लागलं.

उल्काताईंचा चहा तसाच राहिला.

ऑफिसला जातो म्हणून निघालेला मुलगा कोठारात कशाला लपेल? नोकरी गेली असणार, दुसरं काय! इथे म्हणे एका ईमेलवर माणसाला घरी बसवतात. आणि बायकोला सांगायची याची हिंमत नाही. शाळेत गणितात नापास झाला तेव्हाही दोन दिवस गच्चीवर जाऊन बसला होता. बापाच्या वळणावर गेलेलं कार्टं, मनातलं ओठांवर येईल तर शपथ.

पण गच्चीवरचा तो पोरगा दहा वर्षांचा होता, हा चाळिशीचा. रिकामं कोठार, त्यात एकटा माणूस, वर जाडजूड तुळया. नको ते मनात आलं आणि त्या कप ठेवून उठल्या.

निदान गरम दूध तरी न्यावं म्हणून स्वयंपाकघरात गेल्या, तर शेगडीची बटणंच जागेवर नव्हती. रीमाने धुवायला काढली असतील. धुतलं की परत लावायला नको? त्यांनी दुधाचा नाद सोडला. हातातल्या दोन पाटल्या काढल्या, रुमालात बांधल्या आणि निघाल्या. दार उघडताच त्यावरचं छोटं यंत्र टुंग करून वाजलं. तेही रीमाचंच खूळ, म्हणे चोराचिलटाची भीती.

चौक ओलांडून त्यांनी कोठाराचं दार ढकललं, तर नकुल दारातच उभा. मागे खिडकीजवळ टेबल, लॅपटॉप उघडा, त्यात चार-पाच माणसांची तोंडं. त्याने पटकन मागे जाऊन झाकण लावलं. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र होतं, ते काढून खणात टाकलं. बिचारा, अजून गळ्यात घालून बसतो. उल्काताईंना भडभडून आलं.

"खरं सांग नकुल. नोकरी गेली ना?"

त्याने खण लावला. "तुला कसं कळलं गं?"

"आई आहे मी तुझी. आणि मुकादमाच्या खिडकीत बसते."

तो हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले. "हो. लेऑफ झाला, आई."

त्याने दुसरी खुर्ची पुढे ओढली. तिच्यावर मऊ उशी होती. थर्मासमध्ये कमी साखरेचा चहा होता आणि कपही दोन होते. एकट्या माणसाला दोन कप कशाला, असं उल्काताईंच्या मनात येऊन गेलं, पण ही वेळ ते विचारायची नव्हती.

"तू पाळण्यात होतास तेव्हा तुझे बाबा सहा महिने घरी बसले होते," त्या म्हणाल्या. "उपाशी राहिलो का आपण? शिर सलामत तर पगडी पचास. दुसरी मिळेल. पण असा एकटा बसत जाऊ नकोस रे, माझा जीव थाऱ्यावर राहत नाही."

"नाही बसणार."

"शपथ घे."

"तुझी शपथ, आई."

कित्येक दिवसांत आपला आवाज असा ठणठणीत लागला नव्हता, असं त्यांना वाटलं. इथे आल्यापासून जो तो त्यांनाच जपत होता. आज कुणाला तरी त्यांची गरज होती. त्यांनी रुमाल सोडून पाटल्या त्याच्या हातात ठेवल्या. त्याने नको म्हटलं नाही. मुकाट्याने खिशात ठेवल्या आणि लहानपणी ठेवायचा तसं डोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"रीमाला सांगू नकोस हं."

"माझ्या तोंडून अवाक्षर निघायचं नाही. पण लपायला हे कोठारच का रे निवडलंस?"

"इथून तुझी खिडकी दिसते," नकुल म्हणाला.

संध्याकाळी रीमा घरी आली तेव्हा उल्काताईंनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. जेवताना नकुलला आग्रहाने एक पोळी जास्त वाढली, इतकंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात धरून त्या खिडकीत बसल्या होत्या. फाटकातून बाहेर पडलेली नकुलची गाडी रोजच्यासारखी उजवीकडे वळली नाही. डावीकडे वळली. उल्काताई चमकल्या. असं तर त्याने कधीच केलं नव्हतं. थोड्या वेळाने तो पायी येऊन कोठारात शिरला, तेव्हा नको ते त्यांच्या मनात आलं. त्यांनी हातातल्या त्याच दोन पाटल्या काढल्या, रुमालात बांधल्या आणि चौक ओलांडला.

नकुल दारातच उभा होता. त्याने गळ्यातलं ओळखपत्र खणात टाकलं आणि उशीची खुर्ची पुढे ओढली.

"गेली गं आई नोकरी," त्यांनी तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला.