समुद्राचा आणखी एक आठवडा

सायलसने चेंडू चुन्याच्या ठिपक्यावर ठेवला आणि तो मागे सरकला. पेनल्टी होती. सामना संपायला मिनिटभर उरलं असेल नसेल, दोन्ही बाजूंचे गोल शून्य, आणि मैदानाभोवती अख्खं हॅझलशॉ गाव श्वास रोखून उभं होतं. कोळशाच्या खाणी सोडल्या तर त्या गावाकडे मिरवण्यासारखं काही नव्हतं. आज चषक मिळाला तर ते एक होणार होतं. एरवी गळा फाटेस्तोवर ओरडणारी माणसं चिडीचूप होती. दूर, दुसऱ्या टोकाच्या गोलात उभा असलेला एमस तेवढा खोकत होता.

एमस म्हणजे सायलसच्या बहिणीचा नवरा आणि खाणीतला जोडीदार. कोळशाची धूळ त्याच्या छातीत जाऊन बसली होती. याला समुद्राची हवा द्या, असं डॉक्टर म्हणाला तेव्हा दोघंही हसले होते. खाणकामगाराला समुद्रावर न्यायला सांगितलं काय आणि चंद्रावर न्यायला सांगितलं काय, सारखंच.

पण त्या हंगामात आक्रीत घडलं. दरवर्षी पहिल्याच फेरीत मार खाऊन घरी चहाला परतणारा त्यांचा क्लब जिंकत सुटला. आणि क्लबची रीत अशी होती की चषकाच्या प्रत्येक सामन्याआधी खेळाडूंना आठवडाभर समुद्रकाठी तयारीला न्यायचं. मजुरी क्लब भरून देई. तालीममास्तर ओग्डन पहाटे सगळ्यांना कच्ची अंडी प्यायला लावी, वाळूत पळवी, खाऱ्या पाण्याच्या कढत टाक्यांत बुचकळून काढी. मोठा कडक माणूस. त्याला चषकापलीकडे काही दिसत नाही, असंच सगळे म्हणत.

एमसने जन्मात प्रथमच समुद्र पाहिला तो ओहोटीचा. पाणी इतकं आत गेलं होतं की ते आहे की नुसता भास आहे तेच कळेना. बूट गळ्यात अडकवून तो त्या भासाकडे चालत निघाला. ओल्या वाळूत आभाळ उतरलं होतं आणि एमस त्या आभाळावरून चालत होता, लहान लहान होत. सायलस काठावर उभा राहून बघत राहिला. त्याला वाटलं, हा आता परत यायचाच नाही, आणि तसं झालं तरी बरंच होईल.

तिसऱ्या दिवशी पहाटे सायलस दचकून जागा झाला. शेजारच्या खाटेवरून आवाज नव्हता. भीतभीत त्याने एमसच्या छातीवर हात ठेवला. छाती संथ वरखाली होत होती. एमस न खोकता झोपला होता, एवढंच. सायलस खिडकीशी बसला आणि त्याला रडू आलं.

मग परत खाण, परत खोकला, परत सामना, परत समुद्र. असं करत करत हंगाम शेवटच्या सामन्याला येऊन ठेपला. आज जिंका किंवा हरा, सोमवारी खाणीत उतरायचं होतं. बरोबरी झाली तरच पुढच्या शनिवारी सामना पुन्हा, आणि त्याआधी समुद्राचा आणखी एक आठवडा.

सकाळी गाडी कारखान्यांच्या धुरात शिरताच एमसला उबळ आली. ती ओसरल्यावर तो हसून म्हणाला, “एकदा चषक गावात नेला ना, की मी मेलो तरी चालेल बघ.”

सायलसला ते चालणार नव्हतं.

त्या दुपारी एमस जन्मात खेळला नव्हता असा खेळला. एकही चेंडू त्याने आत जाऊ दिला नाही. पण आघाडीच्या पोरांना काय झालं होतं कोण जाणे. हंगामभर गोलांचा पाऊस पाडणाऱ्या जेबेझने हाताच्या अंतरावरून चेंडू गोलावरून उडवला. बाकीच्यांचे पायही चेंडू पुढ्यात आला की वाकडे पडत. लोक शिव्या घालून थकले. शेवटी समोरच्यांच्याच एका गड्याच्या हाताला चेंडू लागला आणि पेनल्टी मिळाली. सायलसने आजवर एकही पेनल्टी वाया घालवली नव्हती. म्हणून तर लोक गप्प होते.

सायलस धावला. धावता धावता माणसं पुसट झाली, धूर विरला, पायांखालचं गवत ओल्या वाळूसारखं मऊ लागलं. खूप लांबवर एक माणूस गळ्यात बूट अडकवून चालला होता. सायलसने चेंडू मारला.

तो खांबाच्या बाहेरून गेला. शिट्टी वाजली, आणि सगळ्या गावाचा एकच उसासा त्याच्या पाठीवर येऊन पडला. शरमेने त्याला मान वर करवेना.

सगळे कपडे बदलायच्या खोलीत आले. एमसने त्याच्या खांद्यावर थोपटलं, “होतं रे असं,” म्हणाला आणि तोंड धुवायला अंगणातल्या नळावर गेला. खोकत गेला. सायलसला ते सोसेना.

“मी मुद्दाम बाहेर मारला,” तो म्हणाला.

ओग्डनने उठून दार लावून घेतलं. “हळू बोल. त्याला ऐकू जाईल.”

सायलस बघतच राहिला. जेबेझ वाकून बुटाची नाडी सोडत होता. मान वर न करता तो म्हणाला, “दीड तास आम्ही सगळे जीव तोडून बाहेर मारतोय, आणि तू चेंडू ठेवलास तेव्हा घामच फुटला मला. म्हटलं, हा आता गोल करतो आणि सगळ्यावर पाणी फिरवतो.”