दहा मिनिटं

नागपूरहून रायपूरला माल नेताना जीवनचा ट्रक लाखनीत घरासमोर दहा मिनिटं थांबे. त्याहून जास्त थांबला, तर जीपीएसवर दिसे आणि ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून फोन येई.

आज सरिता ताट वाढून आणेपर्यंत तो भिंतीला टेकून झोपला होता. जेवायला धुतलेले हात अजून ओले होते. दोन दिवस, दोन रात्री तो गाडीच चालवत होता. तिनं दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा तिच्यानं मारवली नाही.

थोड्या वेळानं त्याचा मोबाइल थरथरला. तिनं तो अंगणात नेऊन उचलला.

"जीवन, वीस मिनिटं झाले. गाडी काहून हलून नाही राहिली?"

"मी त्यायची घरवाली बोलतो जी. एक चाक पंक्चर झालं. हे खोलून राहिले."

"बरं घरासमोरच झालं पंक्चर." पलीकडचा माणूस हसला. "चाकाचा फोटो पाठवा. आताच."

"पाठवतो जी."

सरितानं दार हळूच ओढून घेतलं आणि रस्ता ओलांडून ती गुलाबच्या टायरच्या दुकानात गेली.

"भाऊजी, आमच्या गाडीच्या एका चाकाची हवा काढून द्या."

गुलाबनं ट्रककडे पाहिलं, मग ओढलेल्या दाराकडे. चहाचा कप खाली ठेवून तो उठला.

"अन् भरू कवा?"

"हे उठल्यावर."