लिंबाला समोरचं दिसायला हवं

सहाव्या दिवशीही गाडी अकराव्या मिनिटाला तापली. मेसईदच्या रस्त्यावर, सत्तेचाळीस डिग्रीत.

ही अमेरिकन स्पोर्ट्‌स कार अजून बाजारात यायची होती. कतारच्या उन्हात ती टिकते का, एवढंच बघायचं होतं. कुणी फोटो काढू नये म्हणून तिला नाकापासून शेपटापर्यंत काळं-पांढरं कापड गुंडाळलेलं. ते बांधायचं काम नाशिकच्या गुरुप्रसादकडे. तो मन लावून बांधायचा. एक फट ठेवायचा नाही.

"उद्या तापली तर खलास," अमेरिकन साहेब म्हणाला. "आम्ही अमेरिकेला, तू नाशिकला."

बायको शशिकलाचा आणि मुलगी नुपूरचा इथला व्हिसा कालच लागला होता. फोनवर शशिकलाने सगळं ऐकून घेतलं.

"नवी गाडी आणि लिंबू-मिरची नाही? इंजिनिअर ना तुम्ही?"

सातव्या दिवशी गुरुप्रसादने पुढच्या जाळीला लिंबू-मिरची बांधली. कापड आड येत होतं, ते वर गुंडाळून खोचलं. लिंबाला समोरचं दिसायला हवं.

गाडी चाळीस मिनिटं पळाली. तापमानाचा काटा जागचा हलला नाही.

"काय बदललंस?" साहेबाने विचारलं. गुरुप्रसादने घाबरत लिंबाकडे बोट दाखवलं.

साहेब शास्त्रशुद्ध माणूस. त्याने लिंबू काढायला लावलं, कापड पहिल्यासारखं करायला लावलं. अकरा मिनिटं. लिंबू परत बांधलं. चाळीस. असं तीनदा झालं. साहेब वाळूत बसला. वाळू तापलेली होती, म्हणून उठला. मग त्याने वही उघडली.

"मिरच्या किती?"

"सात."

"सहा चालतील?"

"तसं कुणी करून बघितलेलं नाही, सर."

साहेबाने तेही लिहून घेतलं.

"तुझं कॉन्ट्रॅक्ट वर्षभर वाढवतो. लिंबू तूच बघायचंस. पण खरं सांग, हे चालतं कसं?"

गाडी सुरूच होती. गुरुप्रसादने जाळीजवळ हात नेला. बुडता बुडता वर आलेल्या माणसासारखी ती आत हवा ओढत होती. तो वर खोचलेल्या कापडाकडे बघत राहिला. सहा दिवस ते त्यानेच बांधलं होतं, एक फट न ठेवता.

"विश्वास ठेवावा लागतो, सर," तो म्हणाला, आणि कापड आणखी चार बोटं वर खोचलं.